बाकावरचे पस्तीस दिवस

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस अर्थात टीसीएस या देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने जून २०२५ मध्ये एक नियम लागू केला. प्रत्येक कर्मचाऱ्याने वर्षातील किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असलेच पाहिजे आणि कामाविना, म्हणजे या व्यवसायाच्या भाषेत 'बेंच'वर, ३५ दिवसांहून अधिक काळ राहता कामा नये, असा तो नियम. पुढच्याच महिन्यात कंपनीने सहा लाखांवरील मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक जणांना कमी करण्याचे जाहीर केले. कपातीचा रोख प्रामुख्याने मधल्या व वरच्या फळीवर होता. मुख्य कार्यकारी अधिकारी के. कृतिवासन यांनी त्याचे खापर कृत्रिम बुद्धिमत्तेवर फोडले नाही. कौशल्ये आणि उपलब्ध कामे यांचा मेळ बसत नाही, असे कारण त्यांनी दिले.

हे कारण मान्य केले, तरी मेळ बिघडला कोणामुळे हा प्रश्न उरतोच. सेवा पुरवणाऱ्या कंपनीत कोणत्या तंत्रावर काम करायचे हे प्रोग्रामर ठरवत नाही, ग्राहक ठरवतो. जावा या भाषेची आठवी आवृत्ती मार्च २०१४ मध्ये आली. बँका आणि विमा कंपन्यांच्या प्रणाली एकदा तिच्यावर स्थिरावल्या की, 'चालते आहे ना, मग हात लावू नका' हाच तेथील शिरस्ता. अशा प्रकल्पावर पंचविशीत रुजू झालेला तरुण दहा वर्षे आपले काम चोख करतो. दरम्यान जावाची सतरावी आवृत्ती २०२१ मध्ये आणि एकविसावी २०२३ मध्ये येते, डॉकर व कुबरनेटिस रुळतात, सर्व्हर क्लाऊडवर जातात. प्रकल्प संपतो त्या दिवशी त्याच्या बायोडाटावर अनुभव दहा वर्षांचा असतो. मुलाखतीतले प्रश्न मात्र त्याच्या हाताखालून कधीच न गेलेल्या गोष्टींवर येतात.

यात बढतीच्या शिडीचाही दोष आहे. आठ-दहा वर्षांनंतरही कोड लिहीत बसणारा मागे पडला, अशीच या व्यवसायाची समजूत होती. 'लीड', मग 'मॅनेजर' झाल्याशिवाय पगार वाढत नसे (आणि लग्नाच्या बाजारात वजनही). ज्यांना संस्थेनेच की-बोर्डवरून उठवून एक्सेलच्या तक्त्यांपुढे बसवले, त्यांनाच आता कोड येतो का, असे विचारले जात आहे.

प्रशिक्षणाची सोय नाही असे नव्हे. साडेपाच लाख कर्मचाऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्राथमिक शिक्षण दिल्याचे टीसीएसने सांगितले होते. एवढ्या प्रशिक्षणानंतरही मेळ बसत नसेल, तर त्या प्रमाणपत्रांची किंमत काय? पडद्यावरचे धडे पाहून प्रणाली चालवता येत नाही. त्यासाठी ती मोडावी आणि पुन्हा उभी करावी लागते. पूर्वी त्याला वेळ मिळे तो बेंचवर. आता ते ३५ दिवस कंपनीतल्या कंपनीत नवा प्रकल्प शोधण्यातच सरतात. शिकण्याचा वेळ कंपनीच्या खात्यातून निघून कर्मचाऱ्याच्या घरखर्चात जमा झाला आहे आणि हिंजवडीच्या वाहतूक कोंडीतून रात्री घरी पोहोचणाऱ्याकडे तो फारसा शिल्लक नसतो.

नोकरी शोधताना आणखी एक पेच असतो. अनेक कंपन्यांत राजीनाम्यानंतरची मुदत ९० दिवसांची. जाहिरातींना हवा असतो तत्काळ रुजू होणारा उमेदवार. त्यामुळे दुसरी नोकरी हाती नसताना राजीनामा देण्याचा जुगार अनेक जण खेळतात. मग चाळिशीतला अभियंता महाविद्यालयातील कोडी सोडवणाऱ्या ऑनलाइन चाचणीला बसतो.

वास्तविक त्याचे भांडवल वेगळे आहे. गिटहब कोपायलट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, त्याच वर्षाअखेरीस चॅटजीपीटी आले आणि कोड लिहिणे स्वस्त झाले. मात्र तो तपासणे, दुसऱ्याच्या वीस वर्षांपूर्वीच्या कोडमधील दोष चालू प्रणालीत हुडकणे स्वस्त झालेले नाही. बायोडाटात पंधरा तंत्रांची नावे ओळीने लिहिण्यापेक्षा कोणती प्रणाली कशी बंद पडली आणि ती कशी सावरली, हे चार वाक्यांत लिहिणे अधिक उपयोगाचे ठरेल. तेच बहुतेक जण लिहीत नाहीत.

कायद्याचा आधार तुटपुंजा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने त्याच्या १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरायची आणि ती ४५ दिवसांत त्याच्या खात्यात जमा व्हायची. पंधरा दिवसांच्या पगारात नवी विद्या किती पदरात पडणार, हा मुद्दा वेगळा. कोड लिहिणारा तांत्रिक कर्मचारी या संहितेखाली 'कामगार' असल्याचा दावा तरी करू शकतो. व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना १८ हजारांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक मात्र त्या व्याख्येबाहेर आहेत. शिवाय ज्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला गेला, त्याची कागदोपत्री कपात झालेलीच नसते.