आधी काटा, मग गव्हाण

दिवाळी आली, की आमच्या श्रीरामपूरकडे गळीत हंगामाच्या गोष्टी सुरू होतात. इथल्या माणसाला काट्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. उसाची ट्रॉली कारखान्यात शिरली, की आधी वजनकाटा, मग गव्हाण. मालक कितीही ओळखीचा असो, काट्याला ओळख नसते.

माझा पुतण्या पुण्याच्या एका कंपनीचे काम इथे घरी बसून करतो. संगणकाचा प्रोग्रॅम दहाजण मिळून लिहितात. आपला बदल मूळ प्रोग्रॅममध्ये घ्यावा, अशी जी विनंती करायची, तिला म्हणतात ‘पुल रिक्वेस्ट’. ती एखादा जाणता सहकारी वाचतो. पण जाणताही दमतो आणि नजर चुकते.

नजरचूक किती महाग पडावी? फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीला घाईघाईने आयफोनसाठी दुरुस्ती पाठवावी लागली. कारण काय, तर एकच ओळ चुकून दोनदा पडली होती! तिच्यामुळे ओळखीची तपासणी अर्ध्यावरच सुटे, आणि एखाद्या भामट्याला बँकेचे सोंग घेता आले असते. अशी ओळ यंत्राला सहज सापडते.

म्हणून तपासण्यांची यादी आधीच एका छोट्या फायलीत लिहून ठेवतात. विनंती आली, की दूरचा एक कोरा संगणक जागा होतो, प्रोग्रॅम उतरवून घेतो, जुळवतो, चाचण्या चालवतो. ठीक असेल तर हिरवी खूण, नाही तर लाल फुली. फुली असेतो बदल आत घेण्याचे बटणच बंद ठेवता येते. जेनकिन्स हे जुने साधन, किंवा २०१९ पासून गिटहबचे ‘ॲक्शन्स’, हे काम करते.

“पण काका, कधीकधी काही बिघडलेले नसतानाही फुली येते,” पुतण्या म्हणाला.

“मग रे?”

“पुन्हा चालवायचे. हिरवी येते.”

मला काळजी वाटली ती इथेच. खोट्या फुलीची सवय झाली, की माणूस खऱ्या फुलीकडेही काणाडोळा करतो. अशी लहरी चाचणी लगेच दुरुस्त करावी, नाही तर बाजूला काढावी. तपासणीही दहाएक मिनिटांत आटपावी. काट्यावर रांग वाढली, की लोक मागचे दार शोधू लागतात.

आणि हिरवी खूण म्हणजे तरी काय? विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे बरोबर आली, इतकेच. जो प्रश्न यादीत नाही, त्याचे उत्तर यंत्र देत नाही. तेव्हा दुसऱ्या माणसाने बदल वाचून पाहणे सोडू नये. काटा वजन सांगतो; उसात गोडी किती, ते वेगळेच पाहावे लागते.