जोड-अनुदानाचा पैसा कोठे पडावा?

संशोधन केंद्रात एखादे यंत्र वा पद्धत सिद्ध झाली म्हणजे ती शेतकऱ्याच्या पदरात पडलीच, असा समज आपल्याकडे पुष्कळ दिवसांपासून रूढ आहे. वस्तुतः संशोधन व बाजार यांच्यामध्ये एक लांबचा पल्ला असतो, आणि तो चालण्याचे काम बहुधा थोड्या भांडवलाच्या लहान उद्योजकावरच येते. त्याला हात द्यावा म्हणून शासने जोड-अनुदान देतात. उद्योजकाने आपला हिस्सा घालावयाचा व शासनाने त्यास आपली रक्कम जोडावयाची, किंवा केंद्राने दिलेल्या रकमेस राज्याने भर घालावयाची, असे त्याचे साधारण स्वरूप असते. ही पद्धत चांगली आहे याविषयी वाद नाही. जोडलेला पैसा या पल्ल्यात नेमका कोठे पडतो, याचा विचार मात्र व्हावयास हवा तेवढा होत नाही.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’चे उदाहरण घ्यावे. विदर्भातील शेतकरी तूर पिकवितो, ती पोत्याने विकतो, आणि तिचीच डाळ दुकानातून चढ्या भावाने विकत आणतो. ही विसंगती दूर करण्याच्या कामी गावात चालू शकेल असे हे लहान यंत्र उपयोगी पडले व अनेक ठिकाणी ते बसलेही. परंतु यंत्र बसणे आणि धंदा बसणे या दोन निराळ्या गोष्टी होत.

तुरीचे टरफल व आतील डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो. तो सैल झाल्याखेरीज टरफल सुटत नाही. म्हणून दाणा प्रथम रोलरवर घासून घ्यावा लागतो, मग त्यास थोडे तेल व पाणी लावून उन्हात वाळवावे लागते, आणि त्यानंतरच भरडाई होते. तेल किती, पाणी किती, ऊन किती दिवस, हे तुरीचा वाण, दाण्याचा आकार व त्यातील ओल यांवर अवलंबून असते. अंदाज चुकला की डाळीवर टरफल राहते किंवा चुरी वाढते. उतारा १०० किलोमागे चार-पाच किलोंनी घसरला तरी भरडाईतील नफ्याचा मोठा भाग जातो. हे कसब पुस्तिकेवरून येत नाही. काही पोती बिघडवावी लागतात, चाळण्या बदलाव्या लागतात, नमुने घेऊन दुकानदाराकडे खेटे घालावे लागतात. या शिकण्याचा खर्च कोणत्याही कोटेशनमध्ये नसतो आणि बहुतेक प्रस्तावांतही नसतो. उद्योग येथेच अडकतो.

अमेरिकेत ही अडचण निराळ्या रूपाने पुढे आली. तेथे १९८२ साली झालेल्या कायद्याने, संशोधनावर मोठा खर्च करणाऱ्या केंद्रीय खात्यांनी त्यातील ठराविक हिस्सा लहान उद्योगांस द्यावा असे ठरले. शेतीखातेही त्यात सामील झाले. पहिल्या टप्प्यात कल्पना साधते की नाही हे पाहण्यापुरती लहान रक्कम मिळे, दुसऱ्या टप्प्यात मोठी. प्रत्यक्ष विक्रीच्या तिसऱ्या टप्प्यासाठी या कार्यक्रमातून पैसा नसे. पहिला टप्पा संपून दुसऱ्याचा निर्णय होईपर्यंत महिने लोटत, आणि तेवढे दिवस कामगारांस पगार देणे लहान उद्योगास जड जाई. २००६ च्या सुमारास केंटकी व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांनी केंद्राच्या रकमेस आपली रक्कम जोडण्यास आरंभ केला. उद्योगाची निवड केंद्रीय खात्याच्या तज्ज्ञांनी अगोदरच केलेली असल्यामुळे शास्त्रीय परीक्षेचा भार राज्यावर पडला नाही. शिवाय राज्याची रकम जेथे खड्डा होता तेथे पडू शकली. या व्यवस्थेतील घेण्यासारखा भाग हाच आहे. तेथील रकमांचे आकडे पाहून दिपून जाण्याचे कारण नाही.

आपल्याकडेही प्रयत्न झाले आहेत. राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या ‘रफ्तार’ पर्वात २०१८-१९ पासून नव्या कृषी उद्योजकांसाठी कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाख व उभारणीच्या टप्प्यावर २५ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. त्यात उद्योजकाचा स्वतःचा हिस्सा अनुक्रमे १० व १५ टक्के ठेवण्यात आला. २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी प्रधानमंत्र्यांच्या नावाची योजना सुरू झाली. तिचा खर्च केंद्र व आपले राज्य यांनी ६० व ४० या प्रमाणात उचलावयाचा होता. वैयक्तिक उद्योगास प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, परंतु १० लाखांहून अधिक नाही, इतके अनुदान, स्वतःचे किमान १० टक्के, व बाकी बँकेचे कर्ज, अशी तिची मांडणी होती.

पाच लाखांचा डाळप्रक्रिया उद्योग धरला तर कुटुंबाचे ५० हजार रुपये व बँकेचे साडेचार लाख लागतात. अनुदानाचे पावणेदोन लाख कर्जखात्याला जोडून ठेवले जातात आणि तीन वर्षांनंतर खाते थकलेले नसेल व उद्योग चालू असेल तरच ते कर्जात वळते होतात. या नियमामागील हेतू योग्यच आहे. यंत्र आणावयाचे, अनुदान उचलावयाचे व गोठ्यात ताडपत्रीखाली ते गंजत ठेवावयाचे, हा प्रकार गावोगाव पाहिलेला आहे. स्वतःचा पैसा गुंतलेला मनुष्य यंत्राकडे लक्ष देतो हेही खरे. स्वतःचा हिस्सा माफ करावा असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच सहमत होता येत नाही.

परंतु या रचनेत जोखीम कोणत्या वर्षी कोणाच्या अंगावर आहे ते पाहावे. पोती बिघडण्याचे वर्ष पहिले, आणि त्या वर्षी अनुदानाची मदत हाती नसते. जो उद्योग तीन वर्षे तगला त्याला ती मिळते, म्हणजे जो बुडण्याच्या बेतात होता त्याला नाही. बचत गटातील सभासदांस खेळते भांडवल व लहान अवजारे यांसाठी प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद याच योजनेत झाली, ही जमेची बाजू मान्य केली पाहिजे. एकट्या उद्योजकास मात्र तेवढाही आधार नाही.

तेव्हा राज्याने आपल्या हिश्श्यातील काही भाग यंत्राच्या बिलाशी न बांधता पहिल्या हंगामाशी बांधावा, हे अधिक हिताचे होईल. चाचणीची भरडाई, चाळण्या व रोलरची दुरुस्ती, पिशव्या, नमुने आणि विद्यापीठाच्या तंत्रज्ञाच्या दोन-तीन भेटी यांवर तो खर्च व्हावा. रक्कम एकदम न देता पहिली विकण्याजोगी डाळ निघाल्यावर काही, ठराविक उतारा साधल्यावर काही, अशी द्यावी. यात हिशेबाचे काम वाढेल, आणि कचेऱ्यांना ते रुचणार नाही. यंत्राचे बिल तपासणे सोपे, डाळीचा उतारा तपासणे कठीण. पण उतारा मोजणे म्हणजे शेवटी तराजूचेच काम आहे, आणि तराजू प्रत्येक गावात आहे.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्जांच्या संख्येवर आपले काम मोजू नये. एखाद्या कुटुंबाने म्हैस विकून आपले १० टक्के उभे केलेले असतात. त्यांच्या प्रकल्पात निदान एका महिन्याच्या तूरखरेदीची रक्कम धरली आहे काय, गावची वीज यंत्राला पुरेल काय, वाळवणाला खळे आहे काय, हे विचारूनच शिफारस करावी. पहिल्या वर्षी तूर विकत घेण्यापेक्षा शेजाऱ्यांची तूर मजुरीने भरडून देणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. त्यात नफा थोडा असला तरी हात बसतो आणि उधारीचा माल अंगावर येत नाही.

वेळेचा विचार तर अवश्य करावा. नवी तूर पौष-माघात घरी येते व वाळवणाचे कडक ऊन त्यापुढचे तीन-चार महिने मिळते. कर्ज चैत्रात मंजूर होऊन यंत्र ज्येष्ठात दारी आले, तर ढग आलेले असतात, तूर बाजारात गेलेली असते, आणि पहिली डाळ निघण्याच्या आत पहिला हप्ता येऊन ठेपतो. यंत्र मार्गशीर्षात बसावयाचे असेल तर कागदपत्रे श्रावणातच बँकेत गेली पाहिजेत.