कसब्याचा पंप आणि तुमचा पाट

पुण्याच्या कसबा पेठेत सांडपाण्याचे पंपिंग स्टेशन आहे. त्याच्याशी उरुळी-यवतच्या माणसाला काय देणेघेणे, असे कुणी विचारील. देणेघेणे आहे, आणि ते थेट तुमच्या रानापर्यंत पोचते.

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. एका अंगाला मुठा, दुसऱ्या अंगाला नागझरी. जमिनीचा उतार नदीकडे, म्हणून घराघरांतले पाणी गटारातून आपोआप काठाकडे येते. पण शुद्धीकरण केंद्राकडे न्यायचे तर ते उचलावेच लागते. ते विहिरीत जमते, जाळीवर कचरा अडतो आणि पंप पाणी पुढे ढकलतो. पंप थांबला म्हणून पाणी थोडेच थांबते? विहीर भरते, गटारे तुंबतात आणि शेवटी पाणी वाट काढते ती नदीतच.

हीच मुठा पुढे संगमावर मुळेला मिळते. खाली मुंढव्याला जॅकवेल आहे. शहर धरणाचे पाणी जादा वापरते, त्याच्या बदल्यात वर्षाला ६.५ टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी तिथून जुन्या कालव्यात, म्हणजे आपल्या बेबी कॅनॉलमध्ये, सोडायचे असे ठरलेले आहे. ते हवेली-दौंडच्या रानांत फिरते. नदीत राहिलेले भीमेतून उजनीत जाते. तेव्हा कसब्यात पंप बंद पडला तर त्याचा वास पेठेत येतो, पण घाण पाटात तुमच्याकडे येते.

जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून पुण्यात ११ नवी शुद्धीकरण केंद्रे उभारण्याची योजना आहे. त्यासाठीचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. केंद्रांची एकूण क्षमता दिवसाला ३९ कोटी ६० लाख लिटर. काम मोठे आहे, हवेच होते. पण केंद्र कितीही मोठे बांधा, पाणी तिथवर पोचलेच नाही तर ते काय शुद्ध करणार? म्हणून आमचे म्हणणे असे की केंद्राइतकेच लक्ष पंपिंग स्टेशनांकडे द्या.

आणि सुधारणा म्हणजे नुसते जास्त अश्वशक्तीचे पंप नव्हेत. एक पंप दुरुस्तीला काढला तर दुसरा तयार पाहिजे. वीज गेली तर जनरेटर लगेच चालू झाला पाहिजे, आणि त्यात डिझेल पाहिजे! जाळी रोज साफ झाली पाहिजे, कारण चिंध्या आणि प्लॅस्टिक पंपाच्या पंख्यात अडकले की चांगला पंपही बसतो. विजेचे पॅनेल पूररेषेच्या वर पाहिजे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा काठच्या पेठांचे काय झाले ते पुणे विसरलेले नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडले तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या घरांत पाणी शिरले. नदीकाठी यंत्र बसवायचे तर पूर येणारच, हे धरूनच बसवावे. नाहीतर बैल गेला नि झोपा केला.

आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी दोन शब्द. जलजीवनमुळे गावोगाव घरात नळ आला. माणशी ५५ लिटर पाणी धरले तर ३,००० वस्तीच्या गावाला दिवसाला १,६५,००० लिटर लागते. त्यातले ८० टक्के, म्हणजे १,३२,००० लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. हे तुम्ही कुठे सोडणार? गटार बांधून ओढ्यात सोडले की खालच्या गावाच्या विहिरी नासल्याच म्हणून समजा.

शोषखड्डे, परसबाग, उताराने जाणारे पाणी आणि शेवटी स्थिरीकरण तळे, एवढ्यात भागत असेल तर पंपाच्या नादी लागू नका. उतार नसेल तरच पंप बसवा, आणि हिशेब नीट करा. वरच्या आकड्याची तासाची सरासरी ५,५०० लिटर येते. पण सकाळी सगळे गाव एकदम मोरीवर असते. लहान वस्तीला सरासरीच्या तिप्पट, म्हणजे तासाला १६,५०० लिटर, धरायची रीत आहे. सरासरीवर पंप घेतला की रोज सकाळी गटार रस्त्यावर येईल. बांधकामाच्या अंदाजपत्रकाबरोबर दरवर्षीचे वीजबिल आणि दुरुस्तीचा खर्चही ग्रामसभेत मांडा. पैसे बांधायला मिळतात, चालवायला आपल्याच खिशातून जातात.

आणखी एक. पंप अडला म्हणून माणसाला विहिरीत उतरवू नका. आत विषारी वायू असतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असे काम करून घेणे गुन्हा आहे, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपयांची भरपाई ठरवली. साखळी-कप्पीने वर काढता येईल असाच पंप मागा.

महापालिकेकडे आमची मागणी साधी आहे. कसब्यासह प्रत्येक पंपिंग स्टेशन महिन्यात किती तास बंद होते आणि त्या वेळी पाणी कुठे गेले, याची नोंद दर महिन्याला जाहीर करा. कालव्याखालच्या शेतकऱ्यांनी, पाणीवापर संस्थांनी आणि ग्रामपंचायतींनी ठराव करून हीच मागणी लावून धरावी. पाणी किती मिळते हे आपण विचारतोच. ते कसले मिळते, हेही विचारायला लागू या.