घरशुद्धी आणि बहिणीचा वाटा

आपल्या कॅथॉलिक घरांत अलीकडे एक नवीच शुद्धी शिरली आहे. कोपऱ्याकोपऱ्यांत जाड्या मिठाच्या वाट्या मांडल्या जातात, दाराशी चिनी घंटा किणकिणतात, स्फटिकाचे खडे उन्हात ठेवून त्यांत 'ऊर्जा' भरून घेतली जाते. आणि आजीच्या काळापासून येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर ज्या भिंतीवर होती ती भिंत दिशांच्या हिशोबात नापास होऊन तसबीर ईशान्येला हलते. हा हिशोब सांगणारा सल्लागार फी घेतो; फी घेतो म्हणूनच त्याचे शब्द पाळले जातात. फादर जे विनामूल्य सांगतात ते मात्र मिस्सा संपल्यावर चर्चच्या फाटकातच गळून पडते. घरात शांती नांदावी, प्रार्थनेला बसले असता मन स्थिर व्हावे, ही इच्छा किती साधी आणि किती रास्त! तिच्याशी आमचे भांडण नाही. ही अशांती येते कोठून, याविषयी आपण जी सोयीस्कर समजूत करून घेतली आहे, तिच्याशी आमचे भांडण आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. आमच्या हिंदू शेजाऱ्याने नव्या घराची वास्तुशांत केली, तर तो त्याच्या श्रद्धेचा विधी आहे. त्यामागे त्याची परंपरा उभी आहे आणि त्याच्या पंगतीला आम्ही आनंदाने बसतो. आम्ही बोलत आहोत ते आपल्याच माणसांविषयी. त्यांनी शेजाऱ्याची श्रद्धाही घेतली नाही आणि स्वतःचीही राखली नाही. दोहोंच्या मधून निव्वळ एक उपाय तेवढा उचलला, दुकानातून डासांची उदबत्ती आणावी तसा. 'नव्या युगा'च्या या आध्यात्मिक बाजाराविषयी व्हॅटिकनने २००३ साली एक सविस्तर दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात फेंगशुईचाही उल्लेख आहे. परंतु आम्हांला त्याहून बोचते ते १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथातील विवेचन, कारण त्याचा रोख परक्या वस्तूंवर नसून थेट आपल्यावर आहे. प्रार्थनेचे आणि पवित्र चिन्हांचे फळ अंतःकरणाच्या तयारीवाचून केवळ बाह्य कृतीतून मिळते असे मानणे, हीसुद्धा अंधश्रद्धाच होय, असे तो ग्रंथ शिकवतो. म्हणजे मिठाची वाटी उचलून तिच्या जागी पवित्र पाण्याची बाटली ठेवली की आपण सुटलो, असे नव्हे.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की तुमची ख्रिस्तसभा तरी मीठ वापरत नाही काय? वापरते. पवित्र पाण्याच्या विधीत मीठ मिसळण्याची प्रथा आहे आणि त्या वेळच्या प्रार्थनेत अलीशा संदेष्ट्याची आठवण केली जाते. यरिहोचे पाणी वाईट होते. अलीशाने नव्या भांड्यात मीठ मागवून ते झऱ्यात टाकले आणि पाणी निरोगी झाले, ही कथा राजांच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. मात्र ती पुन्हा एकदा नीट वाचावी. पाणी आपण निरोगी केले असे तेथे परमेश्वर सांगतो. मीठ काहीच सांगत नाही! आशीर्वादित पाणी, मेणबत्ती, झावळ्यांच्या रविवारची झावळी ही संस्कारांसारखी चिन्हे असली तरी संस्कार नव्हेत. ती ख्रिस्तसभेच्या प्रार्थनेने आपले मन कृपा स्वीकारण्यास तयार करतात. मन तयारच होणार नसेल, तर पाणी भिंतीवरून ओघळून फरशीवर येते, इतकेच.

आशीर्वादविधींचे जे अधिकृत पुस्तक रोमने १९८४ साली काढले त्यात नव्या घराच्या आशीर्वादाविषयी एक सूचना आहे, आणि तिच्यातच आमच्या म्हणण्याचे सार आहे: त्या घरात राहणारी माणसे हजर नसतील तर आशीर्वाद देऊ नये. रिकाम्या सदनिकेची किल्ली धर्मगुरूंच्या हाती देऊन 'तेवढे पाणी शिंपडून ठेवा, आम्ही महिन्याने राहायला येऊ' असे म्हणता येत नाही. विटांना आशीर्वाद नसतोच. आशीर्वाद असतो तो त्या विटांच्या आत एकमेकांशी बोलणाऱ्या किंवा न बोलणाऱ्या माणसांना.

जर्मनी-ऑस्ट्रियाकडे तीन राजांच्या सणाला मुले राजांचे मुकुट घालून घरोघर जातात आणि दारावर खडूने त्या वर्षाचा आकडा व सी, एम, बी ही तीन अक्षरे लिहितात. गास्पार, मेल्खियोर, बाल्थाझार अशी राजांची नावे त्यांत पाहिली जातात, आणि 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' या लॅटिन वाक्यातील शब्दांची आद्याक्षरे म्हणूनही ती वाचली जातात. आम्हांला त्या खडूपेक्षा मुलांच्या हातातला डबा महत्त्वाचा वाटतो. जर्मनीत १९५९ सालापासून ही मुले जगभरच्या गरजू मुलांसाठी संघटितपणे निधी गोळा करीत आली आहेत. दाराला आशीर्वाद हवा असेल तर ते दार दुसऱ्याच्या लेकरासाठी उघडावे लागते, ही गोष्ट तेथे शाळकरी पोरेही जाणतात.

आता ध्यानाच्या जागेकडे येऊ. 'आमच्या दोन खोल्यांत आल्तार मांडायचा कोठे?' हा प्रश्न खरा आहे, आणि वनरूम किचनमध्ये सहा माणसांचा संसार पाहिलेला कोणीही त्याची थट्टा करणार नाही. घरात पवित्र शास्त्र आणि पवित्र चित्रे असलेला एखादा प्रार्थनेचा कोपरा असावा, असे धर्मशिक्षणग्रंथही सुचवतो. तो कोणत्या दिशेला असावा, हे मात्र सुचवत नाही. प्रभूने खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करण्यास सांगितले. तेथे शुभवर्तमानातील मूळ ग्रीक शब्दाचा एक अर्थ कोठीची खोली असा आहे. धान्याच्या पोत्यांत, तेलाच्या बुधल्यांत! संत कॅथरीन ऑफ सिएनाची तर स्वतंत्र खोलीच घरच्यांनी काढून घेतली आणि तिला घरकामाला जुंपले. तिने अंतःकरणातच एक कोठडी बांधली आणि तेथे ती प्रार्थनेला बसू लागली. तेव्हा एक फळी, एक क्रूस, एक बायबल आणि संध्याकाळी टीव्ही व मोबाइल बंद ठेवून जपमाळेसाठी काढलेली वीस मिनिटे, एवढ्यावर आल्तार उभा राहतो. जागेचा प्रश्न एवढ्यात मिटला.

मिटत नाही तो दुसराच प्रश्न. वेदीपाशी दान आणलेले असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी समेट करण्यास जा, असे प्रभू डोंगरावरील प्रवचनात सांगतो. येथे बारकाईने पाहावे: आपल्या मनात भावाविरुद्ध काय आहे हे तो विचारत नाही, भावाच्या मनात काय आहे, हे विचारतो. आपण घरातला आल्तार इतका सजवतो, पण त्यापुढून असे उठून जाणारा माणूस कधी पाहिला आहे काय?

आणि भावाचे राहू द्या, बहिणीचे काय? वसईपासून उत्तनपर्यंत वाड्या विकल्या गेल्या, जुनी घरे पाडून इमारती उठल्या, सातबाऱ्यावरील नावे झपाट्याने कमी झाली. १९२५ सालचा भारतीय वारसा कायदा आपल्याला लागू आहे. मृत्युपत्र नसताना वडिलांच्या मालमत्तेत विधवेचा तिसरा हिस्सा काढल्यावर उरलेल्यात मुलगा आणि मुलगी यांना तो समान वाटा देतो. केरळातील आपल्या ख्रिस्ती भगिनींना या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. १९८६ साली त्यांना तो मिळाला. आपल्याकडे तो कायद्यात होताच, म्हणून आपण निराळी युक्ती काढली. बहिणीला जेवायला बोलवायचे, जेवण झाल्यावर हक्कसोडपत्र पुढे करायचे, आणि 'माहेर हवे की हिस्सा?' हा प्रश्न तोंडाने न विचारता डोळ्यांनी विचारायचा. ती सही करते. आनंदाने सोडणाऱ्या बहिणीही असतात, त्यांना आमचा नमस्कार. परंतु अशा किती सह्या डोळे कोरडे ठेवून झाल्या, हे ज्याच्या त्याच्या घराला ठाऊक. मग त्या पैशातून घेतलेल्या सदनिकेत झोप का लागत नाही म्हणून सल्लागार बोलावला जातो, आणि तो सांगतो की शयनगृहातील आरसा चुकीच्या बाजूला आहे.

शुभवर्तमानात घर शुद्ध झाल्याची एक कथा आहे. जक्कय हा जकातदारांचा मुख्य, श्रीमंत. प्रभू आपण होऊन त्याच्या घरी उतरला. आज या घराला तारण लाभले, असे प्रभू तेथे म्हणतो, पण जक्कयाने उभे राहून अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याला चौपट परत देण्याचे कबूल केल्यानंतर! लोटून-झाडून सजवलेल्या रिकाम्या घरात अशुद्ध आत्मा आणखी सात सोबती घेऊन परत येतो, असा इशाराही त्याच प्रभूने दिला आहे. झाडलोट झाली, पण परतफेड झाली नाही, अशा घराचे वर्णन याहून नेमके कोण करणार?

म्हणून आमच्या धर्मगुरूंपुढे आमची एक मागणी आहे. घरभरणीच्या आशीर्वादाची तारीख मागायला कुटुंब आले की त्यांनी वहीत वार आणि वेळ लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: या घराच्या पैशात कोणाचा न दिलेला वाटा आहे काय? आणि ज्यांच्याशी बोलणे तुटले आहे, त्यांना त्या दिवशी बोलावले आहे काय? काही जण रागावतील, काही शेजारच्या धर्मग्रामातून दुसरे फादर आणू पाहतील, आणि वहीतल्या बऱ्याच तारखा पुढे जातील. बहिणीकडे जाऊन येण्यास जितके दिवस लागतील, तितक्या त्या खुशाल पुढे जाऊ द्याव्यात.