घराची परीक्षा कोण घेणार?

मोकाट कुत्र्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी जो सुधारित आदेश दिला, त्याची चर्चा बहुतांशी दोन मुद्द्यांभोवती फिरली. पकडलेली कुत्री निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर त्यांच्या जागी परत सोडायची की नाही, हा एक. आणि रस्त्यावर त्यांना खाऊ घालायचे की नाही, हा दुसरा. त्याच आदेशात आणखी एक तरतूद होती, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्या प्राणीप्रेमींना रस्त्यावरची कुत्री दत्तक घ्यायची असतील त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, निवडलेल्या कुत्र्याला ओळखचिन्ह लावून ते अर्जदाराच्या हवाली करावे आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील, अशी ती तरतूद. अर्जदाराचे घर त्या कुत्र्याला पेलणारे आहे का, हे आधी कोणी पाहायचे, याविषयी तीत अवाक्षर नाही.

७ नोव्हेंबरच्या आदेशाने ही उणीव अधिक ठळक केली. शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलवायची आणि निर्बीजीकरणानंतरही त्याच जागी परत सोडायची नाहीत, असे न्यायालयाने सांगितले. मग ती जाणार कोठे? निवारे पुरेसे नाहीत. त्यामुळे मी राहतो त्या चेन्नईत नगरसेवकापासून वाहिन्यांवरच्या तज्ज्ञांपर्यंत सर्वांच्या तोंडी सध्या एकच शब्द आहे, दत्तक. कुत्र्यांची एवढी कळकळ असेल तर घरी न्या, असे म्हणणारा आणि कुत्र्यांवर खरेच जीव असणारा, दोघेही तोच शब्द वापरतात.

या शब्दाच्या मर्यादा आधी सांगितल्या पाहिजेत. २०२४ च्या गणनेनुसार चेन्नईत मोकाट कुत्री सुमारे १ लाख ८१ हजार आहेत. दर आठवड्याला शंभर कुत्र्यांना घर मिळाले, तरी आज रस्त्यावर असलेल्यांना पुरे पडायला जवळपास ३५ वर्षे लागतील. दरम्यान जन्मणाऱ्या पिल्लांचा हिशेब वेगळाच. दत्तक हा संख्येवरचा उपाय नव्हे. तो काही विशिष्ट जिवांसाठी आहे: आई गाडीखाली गेलेली पिल्ले, तीन पायांवर चालणारी किंवा दृष्टी गेलेली कुत्री आणि हौस फिटल्यावर मालकाने सोडून दिलेली जातिवंत कुत्री, ज्यांना रस्त्यावर जगण्याची कलाच अवगत नसते. आता नोव्हेंबरच्या आदेशाने बेघर होणाऱ्यांची त्यांत भर पडेल. संख्या लहान असल्यामुळेच कोणते कुत्रे कोणत्या घरी जाते, याला महत्त्व येते.

आजवर हे काम स्वयंसेवकांनी केले आहे. प्राणिकल्याण मंडळाने २०२२ मध्ये दत्तकासाठी एक कार्यपद्धती आखून दिली, परंतु प्रत्यक्षात घर पारखतात ती खासगी माणसे, आपापल्या अर्जांच्या आधाराने. गेल्या काही महिन्यांत मी असे अनेक अर्ज वाचले. घर स्वतःचे की भाड्याचे? भाड्याचे असल्यास घरमालकाची लेखी संमती आहे का? दिवसा घरी कोण असते? बाल्कनीला जाळी आहे का? यापूर्वी कुत्रे पाळले होते का, आणि त्याचे पुढे काय झाले? घरात कोणाला दमा आहे का? नजीकच्या काळात विवाह, बाळंतपण किंवा बदली संभवते का? निर्बीजीकरणास हरकत आहे का? त्यानंतर दूरध्वनीवरची चौकशी, मग घरभेट, मग करारपत्र, आणि पुढे महिनोन्महिने व्हॉट्सॲपवर छायाचित्रांचा तगादा. मुंबई-पुण्यात ज्यांनी असे पिल्लू आणले असेल, त्यांना ही यादी ओळखीची वाटेल. मुलीसाठी स्थळ पाहतानाही एवढी चौकशी होत नाही, असे वैतागून म्हणणारे लोक मला भेटले आहेत.

परंतु यांतला एकही प्रश्न हवेतून आलेला नाही. प्रत्येकामागे कोणते तरी परत आलेले, हरवलेले किंवा मेलेले कुत्रे आहे. बाल्कनीच्या जाळीचा प्रश्न चौथ्या मजल्यावरून पडलेल्या पिल्लाने अर्जात आणला. बाळंतपणाचा प्रश्न उद्धट आहे खरा. पण घरात बाळ येणार म्हणून कुत्रे निवाऱ्याच्या फाटकाला बांधून निघून जाणारी कुटुंबे सगळ्या शहरांत आहेत. निर्बीजीकरणाची अट पिल्ले विकण्याच्या इराद्याने मादी मागणाऱ्यांसाठी आहे.

एका शनिवारी पेरांबूरमध्ये एका स्वयंसेविकेबरोबर मी अशा घरभेटीला गेलो होतो. यजमानांनी कॉफी दिली, दिवाणखाना दाखवला, कुत्र्यासाठी आणलेली नवी गादी दाखवली. तिने सगळे पाहून घेतले आणि शेवटी सहज विचारल्यासारखे विचारले, गच्ची पाहू का? गच्चीवरच्या भिंतीत एक लोखंडी कडी होती आणि तिच्या भोवती सिमेंटवर अर्धवर्तुळाकार घासल्याची खूण. पूर्वीच्या कुत्र्याची साखळी जेवढी लांब, तेवढी ती खूण. चेन्नईत मे महिन्यात ज्याला कत्तिरी म्हणतात त्या उन्हाच्या दिवसांत दुपारी गच्चीवर अनवाणी पाऊल टेकवत नाही. खाली उतरल्यावर तिने वहीत काही लिहिले नाही. कळवते, एवढेच म्हणाली.

हे कसब कोणत्याही छापील अर्जात उतरणार नाही. म्हणून घरभेटींची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. उलट मला खटकते ते हे, की रस्त्यावरचे फुकट पिल्लू मागणाऱ्याला तीस प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात आणि हजारो रुपये मोजून रॉटवायलर विकत घेणाऱ्याला व्यवहारात कोणीच काही विचारत नाही. मे २०२४ मध्ये थाउजंड लाइट्स भागातल्या महापालिकेच्या उद्यानात रखवालदाराच्या पाच वर्षांच्या मुलीला दोन रॉटवायलरनी फाडले. ऑगस्ट २०२५ मध्ये जाफरखानपेट येथे पिटबुलच्या हल्ल्यात एका माणसाचा मृत्यू झाला. ही कुत्री मोकाट नव्हती; पाळलेली होती. केंद्राने मार्च २०२४ मध्ये अशा २३ जातींवर बंदी घालणारे परिपत्रक काढले, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केले. सगळा वाद जातींच्या यादीवर झाला. त्या घरांत कुत्र्याला किती वेळ आणि किती जागा मिळत होती, हे कोणी विचारले नाही.

तरीही या परीक्षेची एक बाजू अशी आहे की तिच्यावर बोलायला स्वयंसेवक नाखूश असतात. अर्जातला पहिलाच प्रश्न, घर स्वतःचे की भाड्याचे, हा या शहरात साधा प्रश्न नाही. चेन्नईत भाड्याचे घर शोधणाऱ्याला आधी आडनावावरून, मग आहारावरून, मग लग्न झाले आहे की नाही यावरून पारखले जाते. मुंबईच्या वाचकांना हा अनुभव समजावून सांगण्याची गरज नाही. त्या चाळणीतून जो कसाबसा पार होतो, त्याला कुत्र्यासाठी त्याच घरमालकाकडून पुन्हा लेखी संमती आणायला सांगितली जाते. निवासी सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे प्राणिकल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू ती सूचना घरमालकासमोर धरणार कशी? पाळीत काम करणारी परिचारिका, एकटा राहणारा तरुण, एका खोलीत चौघांचा संसार करणारे कुटुंब हे सगळे या अर्जात पहिल्या पानावरच गळतात.

बेझंट नगरच्या किनाऱ्याला लागून ऊरूर-ऑल्कॉट कुप्पम आहे. कुप्पम म्हणजे आपला कोळीवाडा. तिथल्या वाळूत होड्यांच्या सावलीला पहुडलेली कुत्री दिसतात. ती कोणाची, असे विचारले तर हात कोणा एका घराकडे जात नाही, आणि तरीही ती उपाशी नसतात. त्या वस्तीतल्या एखाद्या बाईने दत्तकाचा अर्ज भरला तर कुंपण, जाळी, उत्पन्न, पशुवैद्याचे नाव या रकान्यांत ती काय लिहील? मी हे एका ज्येष्ठ कार्यकर्तीला विचारले. ती म्हणाली, त्यांच्याकडे कुत्रे प्रेमाने राहील, पण आजारी पडले तर पैसे कोण देणार? उत्तर प्रामाणिक होते. मध्यरात्री परत आलेले कुत्रे जिच्या दारात बांधले जाते, तिला सावध राहण्याचा अधिकारही आहे. मात्र पशुवैद्याचा खर्च हा घराचा दोष नाही, शहरात स्वस्त उपचार मिळत नाहीत याचा तो पुरावा आहे. तिचा अर्ज त्या कारणाने नाकारला गेला, तर शहराची उणीव तिच्या नावावर लिहिली जाते.

अमेरिकेत हा वाद आपल्या आधी झाला. २००७ मध्ये दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध निवेदिका एलन डीजेनरिस यांनी दत्तक घेतलेले पिल्लू आपल्या केशभूषाकाराच्या कुटुंबाला दिले. करारात तशी मुभा नव्हती, म्हणून संस्थेने ते पिल्लू त्या घरातून काढून नेले आणि देशभर गदारोळ उठला. पुढे अनेक निवाऱ्यांनी कडक नियमांऐवजी मोकळ्या संवादाची पद्धत स्वीकारली. असा बदल केलेल्या एका निवाऱ्याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही पद्धतींनी गेलेल्या प्राण्यांच्या निगेत लक्षणीय फरक आढळला नाही. एका निवाऱ्यावरून आपल्याकडे निष्कर्ष काढू नये. तिथल्या निवाऱ्यांना परत आलेला प्राणी ठेवायला जागा असते. इथे परत येणे म्हणजे पुष्कळदा रस्ताच.

चेन्नईने या देशाचे श्वानधोरण यापूर्वी दोनदा बदलले आहे, आणि दोन्ही वेळा आधी नागरिक पुढे गेले. राज्यसभेच्या सदस्य असताना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलेल्या खासगी विधेयकातून अखेर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आला; १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष, आणि मंडळाचे मुख्यालय अनेक दशके याच शहरात होते. दुसरा बदल वैमानिक कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या ब्लू क्रॉसचा. महापालिका कुत्री पकडून मारत होती, तेव्हा १९६० च्या दशकातच ब्लू क्रॉसने निर्बीजीकरणाचा आग्रह धरला. महापालिकेला तो पटायला १९९६ साल उजाडले; २००१ मध्ये त्याच विचाराचे देशव्यापी नियम झाले आणि २०२३ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. घराच्या परीक्षेचे कामही आज त्याच अवस्थेत आहे: नागरिक करत आहेत, आणि शासनाला ते आपले काम वाटत नाही.

यंदा मात्र महापालिकेच्या हाती एक साधन आले आहे. पाळीव कुत्र्यांसाठी परवाना आणि मायक्रोचिप सक्तीची झाली असून परवाना नसेल तर ५,००० रुपये दंड आहे. चिपमुळे कुत्रे कोणाचे, हे प्रथमच निर्विवाद ठरू शकते. आतापर्यंत सारी छाननी कुत्रे देण्याआधी उरकावी लागे, कारण एकदा ते गेले की मागोवा घेण्याचा मार्ग नव्हता. चिपवर दत्तक देणाऱ्या संस्थेचेही नाव नोंदवले, पहिले काही आठवडे तात्पुरत्या सांभाळाचे ठेवले, तीन महिन्यांनी आणि वर्षाने महापालिकेच्या दवाखान्यात विनामूल्य तपासणी अनिवार्य केली, तर सुरुवातीची चाळणी एवढी बारीक ठेवण्याचे कारण उरणार नाही. ज्याला कुत्रे झेपत नाही त्याने ते उजळ माथ्याने परत आणून द्यावे, अशी एक जागाही हवी. आज गुपचूप सोडून देणेच सोयीचे आहे, आणि स्वस्तही: १९६० च्या कायद्यानुसार प्राण्याला वाऱ्यावर सोडण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५० रुपये. महापालिकेच्या वार्षिक परवान्याचे शुल्कही तेवढेच.

आणि प्रश्न बदलावेत. घर कोणाच्या नावावर आहे, यापेक्षा दुपारी दोन वाजता कुत्रे नेमके कोठे असेल, हे विचारावे. पोंगलला गावी जाताना ते कोणाकडे राहील, त्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक घ्यावा. हे प्रश्न भाडेकरूला आणि बंगलेवाल्याला सारखेच लागू पडतात.

नोव्हेंबरच्या आदेशानुसार सरकारी रुग्णालयांच्या आवारांतून जी कुत्री उचलली जातील, त्यांतली पुष्कळशी वयस्क आहेत. त्यांना रोज रात्री उरलेला भात घालणारे कोणी ना कोणी तिथे असतेच: रखवालदार, आया, चहाच्या गाडीवरचा माणूस. कुत्रे त्याला ओळखते, आणि त्यालाही त्याचा दुखरा पाय माहीत असतो. अर्ज घ्यायचाच झाला तर पहिला त्याचा घ्यावा लागेल, आणि तो बहुधा शहराबाहेर एका खोलीत भाड्याने राहत असेल.