गुणपत्रकात न बसणारा खेळ

शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम आला की वेळापत्रके निघतात, पंचांच्या नेमणुका होतात, मैदानावर फक्की पडते. परंतु गुणलेखकाच्या मेजावर कोणास बसवावयाचे हा प्रश्न बहुधा पहिली शिटी वाजण्याच्या बेतात असताना उपस्थित होतो, आणि त्या घटकेला जो शिक्षक मोकळा सापडेल त्याच्या हाती पेन देऊन तो निकालात काढला जातो. जवळा बाजारसारख्या बाजारपेठेच्या गावी बसून हे मासिक चालविणाऱ्या आम्हांस या उदासीनतेचे फार नवल वाटते. येथे आडत्याकडे सोयाबीन वा हळद घालणारा शेतकरी हिशेबपट्टीवरील अखेरच्या रकमेवर कधी समाधान मानीत नाही. वजन किती भरले, भाव काय लागला, हमाली-तोलाईपोटी किती कापले, हे एकेक कलम तो वाचून घेतो, प्रसंगी दुसऱ्याकडून वाचवून घेतो. त्याच शेतकऱ्याची मुलगी बास्केटबॉल खेळते तेव्हा मात्र तिच्या खेळाचा हिशेब आपण अखेरच्या एका आकड्यावर आटोपतो.

अधिकृत गुणपत्रकाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. बास्केट झाली की चालू गुणसंख्येवर तिरकी रेघ, फ्री थ्रोस भरीव टिंब, शेजारी खेळाडूचा क्रमांक, फेक तीन गुणांची असल्यास त्या क्रमांकाभोवती वर्तुळ, पहिल्या व तिसऱ्या सत्रास लाल शाई, प्रत्येकाच्या नावापुढे फाउलांची पाच घरे: ही रचना निकालास पुरावा राहावा आणि तंट्याच्या वेळी दाखला सापडावा यासाठी केलेली आहे, व त्या कामी ती पुरेपूर उतरते. परंतु चुकलेल्या फेकीस तीत जागा नाही. रिबाउंड कोणी घेतला, कोणाच्या पासमुळे बास्केट झाली, चेंडू कोणी गमावला, याविषयी तो कागद मौन धरतो. समजा, एका मुलीने सत्तावीस फेकींतून नऊ बास्केट करून अठरा गुण मिळविले आणि दुसरीने नऊ फेकींतून सहा करून बारा. गुणपत्रकावरून पहिली श्रेष्ठ ठरते, जिल्हा संघाच्या निवडीत तिचेच नाव पुढे सरकते, आणि तिच्या अठरा चुकलेल्या फेकींमुळे संघाच्या हातून गेलेल्या संधींचा उल्लेख कोणत्याही दप्तरी राहत नाही. पुढील हंगामात धाकट्या मुली दोघींपैकी कोणाचे अनुकरण करतील, हे वाचकांस सांगावयास नको.

गुणांपलीकडचा खेळ मोजण्याची दृष्टी व्यावसायिक बास्केटबॉलच्या इतिहासातही हळूहळू आली. २ मार्च १९६२ रोजी अमेरिकेत हर्शी या गावी विल्ट चेंबरलेनने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्याने १०० गुण केले. तो सामना दूरचित्रवाणीवर दाखविला गेला नाही, त्याची चित्रफीतही उपलब्ध नाही. तथापि चेंबरलेनच्या वॉरियर्स संघाचे प्रसिद्धिप्रमुख हार्वी पोलॅक यांच्यासारख्या जागरूक नोंदकारांमुळे आज आपणांस ठाऊक आहे की त्या रात्री त्याच्या ६३ फेकींपैकी ३६ आणि ३२ फ्री थ्रोंपैकी २८ सफल झाल्या, व त्याने २५ रिबाउंड घेतले. कारकीर्दीत ज्याच्या फ्री थ्रो जेमतेम निम्म्या लागल्या, तो त्या हंगामात फ्री थ्रो खालून, दोन्ही हातांनी फेकीत होता, हे लक्षात घेतले म्हणजे २८ या आकड्याचे खरे मोल उमगते. आणि ३२ ची नोंद झाली नसती तर ते उमगलेच नसते. याउलट बिल रसेल. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळविणाऱ्या बोस्टन संघाचा हा आधारस्तंभ प्रतिस्पर्ध्याची फेक अडविण्यात अद्वितीय मानला जातो, पण त्याने एकूण किती फेकी अडविल्या याची अधिकृत संख्या अस्तित्वात नाही, कारण ब्लॉक (अडविलेली फेक) आणि स्टील (हिसकावलेला चेंडू) यांची नोंद एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेने १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू केली आणि रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. एवढ्या थोर रक्षकाच्या कर्तबगारीचा मोठा भाग केवळ घर आखलेले नव्हते म्हणून अलिखित राहिला, याची आम्हांस खरोखर हळहळ वाटते.

हे सारे दूरदेशीचे म्हणून बाजूस सारण्याचे कारण नाही. ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय संकुलात एनबीएचे भारतातील पहिले दोन सामने झाले. पहिल्यात, हजारो शाळकरी मुलांच्या साक्षीने, इंडियाना पेसर्सने सॅक्रामेंटो किंग्जला अतिरिक्त वेळेत १३२-१३१ असे हरविले. त्या किंग्ज संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे जन्माने मुंबईकर, आणि घडणाऱ्या घटनेची माहिती तत्क्षणी पोहोचविणाऱ्या संगणकप्रणालीच्या व्यवसायात त्यांनी आपले नाव व भांडवल कमावले.

पण आम्हांस अधिक जवळचा वाटतो तो खो-खो. मराठी वृत्तपत्रांत खो-खोचा वृत्तान्त वाचताना खेळाडूच्या नावापुढे कंसात तो किती मिनिटे-सेकंद पळाला आणि आक्रमणात त्याने किती गडी टिपले, हे दोन्ही आकडे हटकून आढळतात. एकही गडी न टिपता अडीच मिनिटे चकवीत राहिलेला संरक्षक तेथे सन्मानाने छापला जातो. बचावाचे मोजमाप करण्याची ही सवय ज्या महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली आहे, त्याच महाराष्ट्रातील क्रीडाशिक्षकाने बास्केटबॉलच्या मैदानावर केवळ गुण मोजून थांबावे, ही विसंगती आम्हांस बोचते.

यास्तव आमची सूचना आहे की प्रत्येक सामन्यास अधिकृत गुणपत्रकाबरोबरच एक साधी वही ठेवावी. राखीव खेळाडूंपैकी दोघांना तीवर बसवावे. एकाने मैदानावरून नजर न काढता क्रमांक आणि घटना पुकारावी, दुसऱ्याने मान खाली घालून लिहावे: फेक लागली तर उभी रेघ, चुकली तर शून्य. पाहणे आणि लिहिणे एकाच माणसाकडे सोपविले की निम्मा खेळ निसटतो. चौदा वर्षांखालील गटासाठी फेकी, रिबाउंड आणि टर्नओव्हर (गमावलेला चेंडू) ही तीन घरे पहिल्या हंगामास पुरेत. ही वही फलकावर लावू नये. चुकलेल्या फेकींची संख्या ही मुलाची आणि त्याच्या शिक्षकाची आपसातील बाब आहे, ती सरावाच्या वेळी एकेकास जवळ बसवून दाखवावी. असिस्टचे घर आम्ही हेतुपुरस्सर वगळले आहे, कारण कोणता पास थेट बास्केटला कारण झाला हे ठरविणे लिहिणाऱ्याच्या मतावर अवलंबून असते आणि तेथे आपल्या शाळेच्या खेळाडूकडे मन झुकण्याचा संभव फार. वाचकांनी असे संशयास्पद वाटलेले प्रसंग तपशीलवार लिहून पाठवावेत. त्यांची चर्चा पुढील अंकी करू.