कोटेशनमध्ये नसलेली रक्कम

साप्ताहिक स्तंभ : जोखमीचा हिशेब

मे महिना लागला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झाडांचा विषय निघतो. बी विंगच्या खिडकीत शिरलेली गुलमोहराची फांदी, पार्किंगवर झुकलेला नारळ, कंपाउंडलगतचा वाळका सुबाभूळ. सेक्रेटरी तीन कोटेशनं मागवतात, कमिटी सगळ्यांत कमी आकड्यासमोर खूण करते आणि पुढच्या रविवारी चार माणसं कोयते, दोर आणि चेनसॉ घेऊन गेटवर हजर होतात. लिफ्टच्या देखभाल कराराबद्दल मध्यंतरी इथे लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं लिफ्ट सोडून झाडांवरच होती, म्हणून आज बागकाम ठेकेदाराच्या विम्याबद्दल.

पुण्याच्या एका वाचकांनी त्यांच्या सोसायटीला आलेलं कोटेशनच पाठवलं आहे. वर हिरव्या पानाचं चित्र. खाली कामांची यादी : नारळाच्या झावळ्या उतरवणे, गुलमोहर छाटणी, लॉन कटिंग, पोयटा पसरणे, पालापाचोळा टेम्पोत भरून नेणे. आणि तळाशी, जीएसटीच्या ओळीच्याही खाली : ‘कामादरम्यान गाड्या, काचा, पाइपलाइन यांचे नुकसान झाल्यास अथवा कामगारास इजा झाल्यास आमची जबाबदारी राहणार नाही.’ वाचक विचारतात, ही ओळ चालते का?

सोसायटी आणि ठेकेदार यांच्या आपसातल्या भांडणात ती थोडीफार चालेल. पण कंपाउंडबाहेरून स्कूटरवर चाललेल्या माणसाने त्या कागदावर सही केलेली नाही. फांदी त्याच्या डोक्यात पडली तर तो दोघांनाही कोर्टात खेचू शकतो. आणि कामगाराच्या बाबतीत तर ती ओळ रद्दीच आहे. भरपाईचा हक्क कामगाराने स्वतः लिहून दिला तरी सुटत नाही, असं १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातच होतं. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. भरपाईचं मूळ गणित मात्र तेच राहिलं.

हे गणित एकदा करून बघा. झाडावरून पडून कामगार दगावला तर मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम, गुणिले त्याच्या वयाचा ठरलेला गुणक. वेतन कितीही असलं तरी हिशेबासाठी १५,००० पर्यंतच धरतात. ही मर्यादा जानेवारी २०२० मध्ये ठरली. वय ३० असेल तर गुणक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, बरोबर १५,५९,८५० रुपये. तो वाचला पण कायमचा अंथरुणाला खिळला, तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात आणि रक्कम होते १८,७१,८२०. शिवाय उपचारांचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. तो देणं २००९ च्या दुरुस्तीपासून मालकावर बंधनकारक आहे. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि समाधानकारक कारण नसेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंड. हा दंड विमा कंपनी भरत नाही, तो मालकाच्याच खिशातून जातो.

आता कमिटीने ‘इन्शुरन्स आहे का?’ असं विचारल्यावर ठेकेदार काय पाठवतो ते पाहू. मी असे बरेच पीडीएफ पाहिले आहेत. कधी टेम्पोची मोटार पॉलिसी येते. कधी ठेकेदाराच्या स्वतःच्या मेडिक्लेमचं कार्ड येतं. आणि फार वेळा येतो बँक पासबुकाचा फोटो, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २० रुपये कापल्याची नोंद दाखवणारा. ही योजना चांगलीच आहे. १८ ते ७० वयाच्या कुठल्याही खातेदाराला वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती मृत्यूचं संरक्षण दुसरीकडे मिळणार नाही. पण तो कामगाराचा स्वतःचा विमा आहे. मालकाची जबाबदारी त्याने एका रुपयानेही कमी होत नाही. दोन लाख आणि साडेपंधरा लाख यांच्यामधली दरी कोणीतरी भरायचीच असते, आणि ठेकेदाराकडे टेम्पोच्या हप्त्यांशिवाय काही नसेल तर वकिलाची नजर सोसायटीच्या सिंकिंग फंडाकडे वळते. झाडं छाटणं हा सोसायटीचा धंदा नाही, सबब ठेकेदाराच्या कामगारांसाठी जबाबदार असा ‘मूळ मालक’ ती ठरत नाही, असा बचाव करता येतो. करावाही. पण बचाव करायला वकील लागतो, आणि बचाव टिकला तरी पडलेल्या माणसाच्या घरी काहीच पोचत नाही.

दहा किंवा जास्त कामगार असलेला आणि ईएसआयमध्ये नोंदलेला ठेकेदार असेल तर प्रश्न बराचसा सुटतो, कारण मग भरपाई तिथून मिळते. सोसायट्यांची कामं करणारे बहुतेक ठेकेदार मात्र चार-पाच माणसांचे. त्यांच्यासाठी कामगार-भरपाईची पॉलिसी, बाजारात जिला अजून ‘डब्ल्यूसी पॉलिसी’ म्हणतात ती हवी. ती घेतलेली असली तरी आत वाचा. प्रस्तावात ‘माळी, संख्या ४’ लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात झाडांवर बारा माणसं असतात, त्यातली निम्मी सकाळी लेबर नाक्यावरून उचललेली. लॉनला पाणी घालणारा माळी आणि तीस फुटांवर दोराला लटकून चेनसॉ चालवणारा माणूस यांची जोखीम विमा कंपनी एका दराने घेत नाही. दर वाचवण्यासाठी छाटणीचा उल्लेख टाळला असेल तर अपघातानंतर कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा तेवढंच शोधतो.

इथे नारळाबद्दल थोडं विषयांतर. नारळावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची ‘केरा सुरक्षा’ नावाची अपघात विमा योजना आहे. हप्त्याचा मोठा भाग मंडळच भरतं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या पाडेल्यांपर्यंत ती किती पोचते हा वेगळा लेख होईल. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत नारळ उतरवणाऱ्याला तिचं नाव सांगणारा एकही सेक्रेटरी मला अजून भेटलेला नाही.

कामगारांनंतर तिऱ्हाइतांची बाजू. इथे लागते ती पब्लिक लायबिलिटी पॉलिसी. या नावाने एक गोंधळ होतो. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९९१ मध्ये याच नावाचा कायदा आला आणि त्याखालची पॉलिसी सक्तीची झाली, पण ती घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी. बागकाम करणाऱ्यावर अशी सक्ती कोणी केलेली नाही. त्याची पॉलिसी ऐच्छिक, आणि म्हणून बहुतेकांकडे नाहीच.

काय होऊ शकतं? फांदी गाडीवर पडणं ही सगळ्यांना सुचणारी गोष्ट. गाडीचा मालक आपल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीतून पैसे घेतो, त्यामुळे भांडण मिटलं असं कमिटीला वाटतं. पण त्याची विमा कंपनी त्याच्या जागी उभी राहून चूक करणाऱ्याकडून वसुली करू शकते. मला जास्त भीती वाटते ती ब्रशकटरची. सकाळी नऊला शाळेच्या बसथांब्यालगत गवत कापणं चालू असतं. नायलॉनची दोरी किंवा पातं जमिनीलगत गरगर फिरतं, एखादा खडा उडतो आणि गोळीसारखा जातो. असल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत आसपास १५ मीटरपर्यंत कोणी नको असं सर्रास लिहिलेलं असतं. आपल्या सोसायट्यांत दोन इमारतींमध्येच तेवढं अंतर नसतं. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर जाळी असते, बसची वाट बघणाऱ्या पोरांच्या डोळ्यांवर काही नसतं.

या पॉलिसीत काय बसत नाही तेही ऐकून ठेवा. छाटणीच्या नावाखाली आंबा असा बोडका केला की तो वाळलाच, तर हे वाईट काम झालं; त्याचे पैसे विमा देत नाही. सोसायटीने वापरायला दिलेला पंप ठेकेदाराने जाळला, तर ती वस्तू त्याच्याच ताब्यात होती, म्हणून नाही. गच्चीवरच्या बागेची माती आउटलेटमध्ये बसली आणि खालच्या फ्लॅटच्या छताला हळूहळू ओल धरली, तर हा ‘अपघात’ कसा, यावर कंपनी हुज्जत घालणार. तणनाशक वाऱ्याने शेजारच्या कुंड्यांवर गेलं तर प्रदूषणाचं कलम पुढे येतं.

पण सगळ्यांत वाईट खड्डा आहे तो काळाचा. ठेकेदार आज झाडाभोवती पेव्हर ब्लॉक बसवतो, कट्टा बांधतो, त्यासाठी आड येणारी मुळं कुऱ्हाडीने तोडतो. झाड लगेच पडत नाही. दोन पावसाळे काढतं, तिसऱ्या पावसाळ्यात वाऱ्याच्या रात्री आडवं होतं. आपल्याकडच्या या पॉलिसी बहुतेक अशा असतात की दावा दाखल होतो त्या वेळी पॉलिसी चालू हवी आणि घटना पॉलिसीत लिहिलेल्या मागच्या तारखेनंतरची हवी. ज्याने मुळं तोडली त्याने मधल्या वर्षी पॉलिसी चालू ठेवली नसेल, तर काम करताना विमा होता हे सांगून उपयोग नाही. काम सोपवून निघून गेल्यानंतरची जबाबदारी धरली आहे का, हेही वेगळं विचारावं लागतं. झाडाचा खटला लांबतो किती? दिल्लीत ऑगस्ट १९६४ मध्ये रस्त्यालगतच्या झाडाची फांदी पडून एक स्कूटरस्वार गेला. झाड मेलेलं होतं, साल-पानं काही उरलं नव्हतं, तरी महापालिकेने ते काढलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं ते १९९९ मध्ये. सोसायटीची कमिटी पाच वर्षांची असते आणि फाइल बहुतेक वेळा जुन्या सेक्रेटरीच्या घरी.

परवानगीचा कागद म्हणजे विमा नव्हे, हेही जाता जाता. खासगी आवारातलं झाड छाटायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. ती मिळाली म्हणून अपघाताची जबाबदारी वृक्ष प्राधिकरणाकडे जात नाही. उलट अर्जाची पोच मात्र जपून ठेवावी. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला सकाळी फिरायला निघालेल्या महिलेवर नारळाचं झाड कोसळून तिचा मृत्यू झाला, तेव्हा सगळा वाद त्या झाडाच्या परवानगीचं काय झालं होतं यावरच पेटला होता.

मग करायचं काय? माझं मत अनेक सल्लागारांना पटत नाही. ते म्हणतात, ठेकेदाराकडून एक कोटीची पब्लिक लायबिलिटी मागा, नाही तर काम देऊ नका. चार माणसांच्या ठेकेदाराला अशी अट घातली की तो कुठून तरी कागद आणतो. संरक्षण आणत नाही. त्यापेक्षा तिऱ्हाइतांचा विमा सोसायटीने स्वतः घ्यावा. आदर्श उपविधींप्रमाणे इमारतीचा आगीचा आणि भूकंपाचा विमा आपण काढतोच; त्याच पॅकेजमध्ये पब्लिक लायबिलिटीचा भाग सहसा जोडून मिळतो आणि बहुतेक सोसायट्या तो हप्त्यासाठी वगळतात. तो जोडताना आवारात बाहेरचे ठेकेदार काम करतात हे कंपनीला लेखी कळवावं. मोठ्या टाउनशिपचं वर्षभराचं कंत्राट घेणाऱ्या कंपनीची गोष्ट वेगळी, तिच्याकडून कोटीची पॉलिसी मागावीच.

कामगारांच्या पॉलिसीचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत मागावा आणि सोसायटीने भरावा. यावर खजिनदार हमखास म्हणतात, ‘आम्ही का भरायचा?’ अहो, ज्याने तो खर्च धरला त्याचं कोटेशन तुम्ही गेल्या वर्षी महाग म्हणून बाजूला ठेवलंत. पॉलिसी घेणाऱ्या ठेकेदारालाच आपण स्पर्धेतून बाद करतो आणि मग ठेकेदारांकडे पॉलिसी नसतात म्हणून कुरकुरतो. हप्ता वेतनावर ठरतो, माणसं किती आणि किती दिवस हे खरं सांगितलं तर तो हंगामापुरता कमी मुदतीचाही मिळू शकतो, आणि साठ फ्लॅटमध्ये वाटला तर मेंटेनन्सच्या बिलात दिसणारही नाही.

एजंट यासाठी तुमच्या मागे लागणार नाही, कमिशन तेवढं नसतं. ठेकेदाराला घेऊन विमा कंपनीच्या शाखेत जा. उपकंत्राटाची आणि नाक्यावरची माणसं धरली आहेत का, औषधोपचाराचा खर्च जोडला आहे का, त्याला मर्यादा किती, एवढं विचारा. आणि ठेकेदाराने सही करण्याआधी कामाच्या वर्णनात ‘झाडावर चढून, यंत्राने छाटणी’ असं लिहिलं आहे ना, ते स्वतः वाचा. तिथे नुसतं ‘बागकाम’ असेल तर अर्ज परत मागून घ्या.